मुर्रीच्या शाळेत वॉशिंग्टनचं काय काम?

ज्यांना कानात इयरफोन घालून ऐकायला वेळ नाही, किंवा बसमध्ये रेंज जाते, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लेखी मजकूर. बोलल्यासारखाच ठेवलाय. फक्त मधले "अं... म्हणजे..." काढून टाकलेत.

सुरुवात एका प्रश्नपत्रिकेपासून करू. घरात तिसरी-चौथीत किंवा सातवी-आठवीत शिकणारं लहान भावंडं असेल तर त्याला विचारा, "पॅट दिली का रे?" पॅट म्हणजे नियतकालिक मूल्यांकन चाचणी. २०२३-२४ पासून राज्यभरातल्या सरकारी आणि अनुदानित शाळांत ती होते. आधी पायाभूत, मग संकलित एक, मग संकलित दोन. शिक्षक पेपर तपासतात आणि गुण मोबाईलवरच्या चॅटबॉटमध्ये भरतात. या चाचणीच्या सरकारी पत्रात एक शब्द हमखास असतो: स्टार्स प्रकल्प. हा स्टार्स कोण? तर केंद्र सरकार, सहा राज्यं आणि जागतिक बँक यांनी मिळून हाती घेतलेला प्रकल्प. जागतिक बँकेचं मुख्यालय वॉशिंग्टनला.

मी मुर्रीची. मुर्री म्हणजे गोंदिया शहराला अगदी चिकटलेलं गाव. एका बाजूला शहर, दुसऱ्या बाजूला धानाच्या बांध्या. आता मुर्रीच्या पोराच्या गणिताच्या पेपरचा वॉशिंग्टनशी संबंध कसा काय लागला? एवढंच आज बघायचंय. पण त्यासाठी थोडं मागं जावं लागेल, चांगलं पासष्ट-सत्तर वर्षं.

पहिला मुक्काम: पवई

स्वातंत्र्यानंतर आपल्या देशानं शिक्षणासाठी बाहेरची मदत घेतली, यात लपवण्यासारखं काही नाही. पण ती कुठं घेतली, हे बघा. महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे मुंबईची आयआयटी. १९५८ साली ती सुरू झाली. युनेस्कोच्या मार्फत सोव्हिएत संघाचा पैसा, यंत्रसामग्री आणि तज्ज्ञ आले. पहिली १०० मुलं पवईत बसलीच नाहीत, कारण पवईला तेव्हा इमारतच नव्हती. वर्ग भरले वरळीला, एका कापड संशोधन संस्थेच्या इमारतीत. पवईची कोनशिला नेहरूंनी १० मार्च १९५९ ला बसवली.

त्याच काळात बाकीच्या आयआयटींनाही एकेक देश जोडीदार मिळाला. मद्रासला पश्चिम जर्मनी, कानपूरला अमेरिका, दिल्लीला ब्रिटन. शीतयुद्धाचे दिवस होते. रशिया एक देतो म्हटल्यावर अमेरिका मागं कशी राहणार? आणि भारत दोघांकडून घेत होता, तेही ऐटीत.

पण गावच्या पहिली ते चौथीच्या शाळेसाठी असा कुणी जोडीदार आला नाही. युनिसेफचं विज्ञान साहित्य, काही ठिकाणी परदेशी दुधाची भुकटी, एवढंच. एक तर प्राथमिक शिक्षण ही राज्यांची जबाबदारी. दुसरं म्हणजे, लहान मुलांना काय शिकवायचं हे आपलं आपण ठरवायचं, त्यात बाहेरच्याचा हात नको, अशी दिल्लीतली भूमिका. इंजिनिअर घडवायला परकी यंत्र चालेल, बाराखडी गिरवायला परकी पैसा नको. या भूमिकेत स्वाभिमान होता, यात शंका नाही. पण त्याच वेळी प्राथमिक शाळेला देशाचा स्वतःचा पैसाही पुरेसा मिळत नव्हता. म्हणजे बाहेरचं घेणार नाही आणि घरचं देणार नाही, अशी गत.

दुसरा मुक्काम: आकाश

आता गंमत बघा. गावच्या शाळेपर्यंत परदेशी मदत पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर पोचली ती जमिनीवरून नाही, आकाशातून.

१९६९ साली भारताच्या अणुऊर्जा विभागानं अमेरिकेच्या नासाशी करार केला. विक्रम साराभाईंचं हे स्वप्न. ते स्वतः १९७१ च्या डिसेंबरात गेले, पण काम थांबलं नाही. १ ऑगस्ट १९७५ ला प्रयोग सुरू झाला. नाव साइट. नासानं आपला एटीएस-६ हा उपग्रह एका वर्षासाठी भारताला वापरायला दिला. सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत टीव्ही संच बसवले. छपरावर किंवा अंगणात कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची मोठी छत्री. सकाळी शाळेच्या मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन. ज्या गावात वीज नाही तिथं बॅटरीवर टीव्ही. विचार करा, ज्यांनी सिनेमाचा पडदा पाहिला नव्हता त्यांनी थेट उपग्रहावरून आलेलं चित्र पाहिलं.

या भागीदारीतली वाटणी मला फार आवडते. उपग्रह अमेरिकेचा, पण कार्यक्रम आपले. संच आपल्या कारखान्यात बनलेले. कुठल्या गावात लावायचे ते आपण ठरवलं. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि एका दिवाळीच्या सुट्टीत हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसं शिकवायचं याचं प्रशिक्षणही टीव्हीवरून दिलं.

आता गोंदियाच्या माणसाला यात काय? सहा राज्यं होती आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओडिशा आणि राजस्थान. मध्य प्रदेशातली गावं होती रायपूर, बिलासपूर, दुर्ग या भागातली. म्हणजे आजचं छत्तीसगड. गोंदिया स्टेशनवरून हावड्याकडं जाणारी गाडी धरली की डोंगरगड, राजनांदगाव आणि मग दुर्ग. दोन-अडीच तासांचा प्रवास. तिकडच्या मुलांनी उपग्रहाचा टीव्ही पाहिला आणि इकडच्या मुलांनी नाही, कारण मध्ये राज्याची सीमा आणि महाराष्ट्र यादीत नव्हता.

बरोबर एक वर्षानं, ३१ जुलै १९७६ ला, प्रयोग संपला. करारातच तसं होतं. नासानं उपग्रह परत आपल्या कामाला नेला. अनेक गावांतले पडदे काळे झाले.

मग सगळं वाया गेलं का? तर नाही. साइटमध्ये काम केलेल्या माणसांना उपग्रहावरून देशभर प्रसारण कसं करायचं हे कळलं, आणि १९८० च्या दशकात आपल्या इन्सॅट उपग्रहांनी ते काम उचललं. १९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. मराठी मुलांसाठी मराठीत शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी सरकारी संस्था. आमच्या आधीच्या पिढीनं ते कार्यक्रम दूरदर्शनवर पाहिलेत. म्हणजे उपग्रह गेला, पण शिकलेलं इथंच राहिलं, आणि ते फिरत फिरत यादीत नसलेल्या महाराष्ट्रातही आलं.

आणि हेही सांगते. बालचित्रवाणी २०१७ मध्ये बंद पडली. तिला कुठल्या परदेशी करारानं बंद पाडलं नाही. ती आपल्याच तिजोरीतून पगाराचा पैसा येईना म्हणून बंद झाली. हे लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

तिसरा मुक्काम: यादीत नसलेला जिल्हा

मार्च १९९०. थायलंडमधलं जोमतिएन गाव. जगभरातले देश जमले आणि "सर्वांसाठी शिक्षण" असा जाहीरनामा झाला. श्रीमंत देशांनी आणि संस्थांनी सांगितलं, प्राथमिक शिक्षणासाठी पैसा देऊ.

पुढच्याच वर्षी, १९९१ ला, भारताची परकी गंगाजळी आटली. सोनं गहाण ठेवायची वेळ आली, हे तुम्ही शाळेत वाचलंय. खर्चाला कात्री लागली. अशा वेळी "प्राथमिक शाळेला परकी पैसा नको" ही जुनी भूमिका टिकणं अवघड होतं. पण दिल्लीनं दार सताड उघडलं नाही. अटी घातल्या. कार्यक्रम आमचा असेल, आराखडा जिल्ह्यात बनेल, बाहेरचा पैसा आमच्या पैशात भर म्हणून येईल, आमच्या ऐवजी नाही.

त्यातून १९९४ ला आला जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम. इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे त्याला डीपीईपी म्हणायचे. जुन्या गुरुजींना हा शब्द विचारून बघा, लगेच आठवेल. पैसे देणारे अनेक. जागतिक बँक, युरोपीय संघ, ब्रिटन, नेदरलँड्स, युनिसेफ. कुठल्या राज्यात कोण ते वाटून घेतलेलं. महाराष्ट्रात जागतिक बँक.

जिल्हे कसे निवडले? एक मुख्य निकष असा: १९९१ च्या जनगणनेत ज्या जिल्ह्यातली स्त्री-साक्षरता देशाच्या सरासरीपेक्षा, म्हणजे ३९.२९ टक्क्यांपेक्षा, कमी तो जिल्हा. पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातून मराठवाड्याचे पाच जिल्हे आले: औरंगाबाद, लातूर, नांदेड, उस्मानाबाद, परभणी. दुसऱ्या टप्प्यात बीड, जालना, धुळे आणि आपला शेजारी गडचिरोली.

तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हताच. आपण भंडाऱ्यात होतो, १ मे १९९९ पर्यंत. आणि भंडारा यादीत नव्हता, कारण इथल्या बायका सरासरीपेक्षा जास्त शिकलेल्या होत्या. चांगलीच गोष्ट आहे ना? पण बघा, अर्जुनी मोरगावच्या पलीकडं गडचिरोलीत प्रकल्प, अलीकडं नाही. जंगल तेच, पाऊस तोच, पोरांचे हाल तेच. सरासरी ही जिल्ह्याची असते. जिल्ह्यातल्या मागं पडलेल्या तालुक्याला ती झाकून टाकते. साइटच्या वेळी राज्याची रेष आडवी आली, या वेळी टक्केवारीची.

आता पैशाचं. हे दान नव्हतं, हे नीट समजून घ्या. युरोपीय संघानं मध्य प्रदेशाला दिलेला पैसा अनुदान होता, परत द्यायचा नव्हता. पण जागतिक बँकेचा पैसा कर्ज होता. पहिल्या टप्प्याचं कर्ज सुमारे २६ कोटी डॉलर. अटी मात्र अगदी सवलतीच्या. व्याज नाही, पाऊण टक्का सेवाशुल्क, आणि अशा कर्जांची मुदत साधारण ३५ वर्षं. म्हणजे १९९४ ला पहिलीत बसलेली मुलगी चाळिशी गाठेल तोपर्यंतचा हिशोब. व्याज नाही म्हणून फुकट समजू नका. कर्ज परकी चलनातलं. १९९४ ला डॉलर ३१ रुपयांच्या आसपास होता. आज तो कुठं आहे ते मोबाईलवर बघा.

केंद्रानं हे पैसे राज्यांना मात्र अनुदान म्हणून दिले. खर्चाचा ८५ टक्के भाग केंद्राकडून, १५ टक्के राज्याचा. एका जिल्ह्याला जास्तीत जास्त ४० कोटी रुपये. त्यातही बांधकामावर किती टक्के आणि कार्यालयावर किती टक्के याला मर्यादा. नुसत्या खोल्या बांधून बिलं काढू नका, शिकवण्यावर खर्च करा, असा त्याचा अर्थ.

टीकाही खूप झाली. काही राज्यांत या काळात कमी पगारावर, कंत्राटी शिक्षक नेमले गेले. "गरिबांच्या पोरांना अर्ध्या पगाराचे गुरुजी" असं लोक म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं.

न आलेल्या पैशाबरोबर काय आलं?

आता माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग.

डीपीईपीनं काही साध्या गोष्टी सुरू केल्या. प्रत्येक शिक्षकाला वर्षाला ५०० रुपये, शैक्षणिक साहित्य बनवायला. प्रत्येक शाळेला वर्षाला २,००० रुपये, शाळेच्या किरकोळ गरजांसाठी. तालुक्याला गट साधन केंद्र, आठ-दहा शाळांच्या मागं एक समूह साधन केंद्र, तिथं शिक्षकांनी महिन्यातून एकदा भेटून अडचणी बोलायच्या. गावात ग्राम शिक्षण समिती.

५०० रुपये ऐकून हसू नका. त्याआधी गुरुजींना एक रंगीत कागद आणायचा तर खिशातून आणावा लागायचा. आता पुठ्ठे, कार्डशीट, मणी, काड्यांचे गठ्ठे, भिंतीवरचे तक्ते आले. पंचायत समितीच्या सहीशिवाय शिक्षकाला स्वतः ठरवून खर्च करता येणारा बहुधा हा पहिलाच पैसा.

२००१ ला केंद्रानं सर्व शिक्षा अभियान आणलं. आता सगळे जिल्हे. नवाकोरा गोंदियाही. आणि त्या अभियानाचा सांगाडा कुठून आला? बराचसा डीपीईपीतून. तेच ५०० रुपये, तेच शाळा अनुदान, तीच गट साधन केंद्रं. म्हणजे भंडाऱ्याला जो प्रकल्प नाकारला गेला, त्याचं शहाणपण गोंदियाला मिळालं. साइटसारखंच झालं की नाही?

सर्व शिक्षा अभियानात २००४ पासून जागतिक बँक, ब्रिटन आणि युरोपीय संघ पुन्हा आले. जागतिक बँकेचे ५० कोटी डॉलर. दर सहा महिन्यांनी पाहणी पथकं यायची, केंद्र सरकारची माणसं आणि पैसे देणाऱ्यांची माणसं एकत्र. पण त्याच २००४ साली आणखी एक गोष्ट झाली जी फार कमी लोकांच्या लक्षात आहे. सरकारनं करांवर २ टक्के शिक्षण उपकर लावला. तुमच्या आईबाबांनी त्या काळात जे काही कर भरले, त्यात तो होता. आयकर न भरणाऱ्या माणसाच्याही खरेदीत तो लपलेला होता. मुर्रीचा शेतकरी दुकानातून कारखान्यातली एखादी वस्तू घ्यायचा तेव्हा त्यातला काही पैसा शाळेला जायचा. या उपकरानं अभियानाचा मोठा भार उचलला. "शाळा परदेशी पैशावर चालते" असं कुणी म्हणालं तर त्याला हे सांगा. मोठा वाटा नेहमी आपलाच होता.

चौथा मुक्काम: स्टार्स

आता परत पॅटच्या प्रश्नपत्रिकेकडं येऊ.

जून २०२० मध्ये जागतिक बँकेनं स्टार्सला मंजुरी दिली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं. राज्यं सहा: हिमाचल प्रदेश, केरळ, मध्य प्रदेश, महाराष्ट्र, ओडिशा, राजस्थान. एकूण खर्च ५,७१८ कोटी रुपये, त्यात जागतिक बँकेचे ५० कोटी डॉलर. या वेळी महाराष्ट्र यादीत, आणि राज्यातले सगळे जिल्हे आत. ना सीमेची रेष, ना टक्केवारीची.

पण दोन गोष्टी बदलल्या. एक, कर्जाची जात. १९९४ सारखं बिनव्याजी, ३५ वर्षांचं नाही. हे व्याजाचं कर्ज, मुदत साडेचौदा वर्षं, त्यातली पहिली पाच सवलतीची. भारत आता तितका गरीब राहिला नाही, म्हणून सवलत कमी. दोन, पैसा कशावर मिळतो. आधी खर्च दाखवा, पैसे घ्या, असं होतं. आता ठरलेले निकाल दाखवा, मग पैसे. हे निकाल राज्याच्या पातळीवरचे असतात, तुमच्या भावाच्या गुणांवर कुणाचा हप्ता अडत नाही. पण निकाल दाखवायचे तर मोजावं लागतं. म्हणून मोजमापाला इतकं महत्त्व.

मोजणं वाईट आहे का? मला तसं वाटत नाही. पाचवीतल्या पोराला दुसरीचा धडा वाचता येत नसेल तर ते वेळेवर कळलेलंच बरं. पण आपल्या गोंदियात काय होतं बघा. घरी पोर पोवारी बोलतं, झाडीबोली बोलतं, कुणी गोंडी, कुणी छत्तीसगडी, बाजारात हिंदी. आणि पेपर प्रमाण मराठीत. उत्तर चुकलं तर ते गणित आलं नाही म्हणून, की प्रश्नातला शब्द कळला नाही म्हणून? चॅटबॉटमध्ये फक्त आकडा जातो. वर्गातल्या बाईंना खरं कारण माहीत असतं, पण त्यासाठी तिथं रकाना नसतो.

आणि पैशाचं प्रमाण बघा. ५,७१८ कोटी हे सहा राज्यांचे मिळून, काही वर्षांचे. एकटा महाराष्ट्र शालेय शिक्षणावर एका वर्षात याच्या कितीतरी पट खर्च करतो. म्हणजे बाहेरचा पैसा डाळीत मिठाएवढा. पण मीठ चव ठरवतं. शाळेत काय मोजायचं, कशाला यश म्हणायचं, हे ठरवण्यात त्याचा वाटा त्याच्या रकमेपेक्षा मोठा.

मग आपण काय म्हणायचं?

काही लोक म्हणतात, परकी पैसा म्हणजे गुलामी. काही म्हणतात, बाहेरून कुणी आलं तरच इथं काही सुधारतं. पवईपासून पॅटपर्यंतचा हा प्रवास बघितला तर दोन्ही बोलणी मला अर्धवट वाटतात. आमच्या डोक्यावरूनच बघा ना. बिरसीच्या विमानतळावर कॅनडाच्या सीएई कंपनीनं आणि आपल्या विमानतळ प्राधिकरणानं मिळून वैमानिक शिकवणारी संस्था काढली. देश मिळून शिकवतात यात विशेष काही नाही. प्रश्न असा की करार संपल्यावर इथं काय उरतं.

साइट संपलं, माणसं शिकलेली उरली. डीपीईपी संपलं, शिक्षकाच्या हातातले ५०० रुपये आणि महिन्याची बैठक उरली. आणि बालचित्रवाणी, जी पूर्ण आपली होती, ती आपणच सांभाळली नाही. म्हणून मला वॉशिंग्टनपेक्षा आपलीच जास्त काळजी वाटते. स्टार्समधून इथं काय उरेल? नुसते आकडे, की त्या आकड्यांवरून एखाद्या पोराला वेगळं बसवून शिकवणारी बाई?

हे ठरवायची एक जागा गावातच आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. त्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक, आणि निम्म्या बायका असल्याच पाहिजेत. तुमचे आईबाबा, काका-काकू, वहिनी कुणी ना कुणी त्यात असेल. नसेल तर पुढच्या वेळी असायला हवं. त्यांना तीन प्रश्न विचारायला सांगा. पॅटमध्ये आमच्या शाळेला नेमकं काय कळलं? त्यानंतर वर्गात काय बदललं? आणि घरची बोली वेगळी असलेल्या पोरांसाठी काय केलं? इंग्रजी यायची गरज नाही, जागतिक बँक माहीत असायची गरज नाही.

तुमच्या शाळेत याचं काय उत्तर मिळालं ते व्हॉइस नोट करून नक्की पाठवा. पोवारीत पाठवा, झाडीत पाठवा, चालेल. निवडक उत्तरं एका भागात ऐकवू. आणि घरात जुने गुरुजी किंवा बाई असतील तर त्यांना डीपीईपी, सर्व शिक्षा अभियानाच्या दिवसांबद्दल बोलतं करा, मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. हा इतिहास अजून जिवंत माणसांच्या तोंडात आहे.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर, जय महाराष्ट्र.